टिचकी डॉक्टर

दात काढायला आलेल्या माणसाला दातासकट घरी पाठवणारा दातांचा डॉक्टर मी उभ्या जन्मात एकच पाहिला. शेवगावला स्टँडपासून जरा आत, खताच्या दुकानावरच्या माडीत त्यांचा दवाखाना होता. पाटीवर नाव होतं, नावापुढं पदवी होती, पण ते नाव कुणी घेत नसे. सगळीकडं टिचकी डॉक्टर. माणूस खुर्चीत बसला की ते आधी त्याच्या गालावर, डोळ्याखालच्या हाडावर, बोटानं टिचकी मारायचे. या गालावर, मग त्या गालावर. मग तोंड उघडायला लावून लहान आरशाच्या दांडीनं वरचा एकेक दात वाजवायचे, टक, टक, टक, आणि कान तिरका करून ऐकायचे. मग दोन्ही अंगठे गालफडांवर दाबून म्हणायचे, "आता चप्पल शोधल्यासारखं खाली वाका." दात ठणकतोय म्हणून आलेला माणूस वाकायचा आणि मनातल्या मनात शिव्या घालायचा.

"ह्यो दाताचा डॉक्टर हाय का ढोलकीवाला?" असं लोक जिना उतरताना म्हणायचे. मीसुद्धा म्हणालोय.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून मी लिहितो. शाळा मला चौथीपर्यंतच. पण पन्नास वर्षं विहिरीचं काम केलं. शेवगाव, पाथर्डी, नेवासा, या बाजूला मी न उतरलेली विहीर शोधावी लागेल. ज्याला कुठल्या दगडाखाली पाणी आहे ते कळतं, त्याला चार पानं लिहिता येऊ नयेत असं काही नाही.

त्यांचे वडील कल्हईवाले होते. भाता पाठीवर घेऊन गावोगाव फिरायचे. डॉक्टर स्वतःच सांगायचे, लपवायचे नाहीत. "आमचे अब्बा भांडं हातात घेतलं की आधी नखानं वाजवायचे, मिस्त्री. चीर डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळते. मी दुसरं काय करतो?" हे ऐकलं आणि मला पटलं. कारण आम्हीही तेच करतो. पहार दगडावर टाकली की खाली भरीव आहे का पोकळ हे आवाज सांगतो, आणि ज्याला तो आवाज कळत नाही तो विहिरीत मरतो. तेव्हा हा माणूस वेडा नाही हे तालुक्यात पहिल्यांदा कुणाला कळलं असेल तर मला. पण तसं मी त्यांना कधी म्हणालो नाही. तोंडावर तारीफ करायची आमच्या घरात पद्धत नाही.

पहिल्यांदा गेलो तो उजव्या बाजूच्या वरच्या दाढांसाठी. एक नाही, तीन दाढा एकदम ठणकत होत्या. विहिरीत खाली वाकलो की कुणी गालात पाचर ठोकतंय असं व्हायचं. खुर्चीत बसायच्या आधीच मी सांगून टाकलं, "डॉक्टर, मधली दाढ काढा. मला साइटवर जायाचंय."

त्यांनी टिचकी मारली. "दुखतं?"

"न्हाई."

दाढ वाजवली. "दुखतं?"

"न्हाई."

खाली वाकवलं. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. "आता?"

"न्हाई म्हनलं ना."

ते हातातला आरसा बाजूला ठेवून माझ्याकडं बघत राहिले. "मिस्त्री, डोळ्यांतून पाणी आलंय तुमच्या. दुखलं तर दुखतं म्हणा. इथं मर्दानगी दाखवाल तर मी भलत्याच दातावर जाईन."

मी त्यांना आमच्या बापाचं वाक्य ऐकवलं, जे मी घरात सगळ्यांना ऐकवत आलो होतो. "दुखन्याला तोंड दिलं का ते बोलाया लागतं."

"मग बोलू द्या की," ते म्हणाले. "मला त्याच्याशीच बोलायचंय. तुमच्याशी नाही."

मग त्यांनी खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि माझ्या तोंडात एक बारका दिवा ठेवून ओठ मिटायला सांगितले. समोर आरसा धरला. त्यात दिसलं ते मी आजही विसरलो नाही. अंधारात माझा डावा गाल आतून लाल उजळला होता, डोळ्याखाली, कंदिलाच्या काचेवर हात धरावा तसा. आणि उजवी बाजू काळी ठिक्कर. "ही बघा तुमची माडी," ते म्हणाले. "नाकाच्या दोन्ही अंगांना, गालाच्या हाडात, एकेक पोकळ खोली असते. आत फक्त हवा. तिची जमीन म्हणजे तुमच्या वरच्या दाढांचं छत. मधे हाडाचा पापुद्रा, कुठं कुठं कांद्याच्या सालीएवढा. डावीकडं हवा आहे म्हणून उजेड जातो. उजवीकडं घाण पाणी साचलंय. ते खालच्या दाढांच्या मुळांना दाबतं आणि तुम्हाला वाटतं दाढ दुखते. माडीवर गळती आहे म्हणून तळमजला पाडायचा का?"

पोकळीतलं पाणी म्हटल्यावर तो माझा विषय झाला. मी विचारलं, "मंग त्या खोलीला तोटी न्हाई का?"

"आहे. नाकात उघडते. पण वर आहे, छताजवळ."

"छताजवळ? कोन गवंडी हुता त्यो? टाकीची तोटी तळाला ठिवत्यात."

डॉक्टर खूप हसले. दातांच्या डॉक्टरचे स्वतःचे दात पुढं आलेले होते, हसले की सगळे दिसायचे. "तुमचं बरोबर आहे. आत बारीक लव असते, ती बिचारी सगळं ओलं वर ढकलत तोटीपर्यंत नेते. सर्दी झाली, तोटी सुजली, की संपलं. जनावर मान खाली घालून चरतं, त्याला ही तोटी बरोबर पडते. आपण दोन पायांवर उभे राहिलो, पण तोटी कुणी हलवली नाही."

"आन ही खोली हाय कशापायी?"

"कुणी म्हणतं हवा गरम करायला, कुणी म्हणतं डोकं हलकं राहावं म्हणून, कुणी म्हणतं आवाज घुमावा म्हणून. खरं सांगू? नक्की कुणालाच माहीत नाही." ठाऊक नाही असं सांगणारा डॉक्टरही मी तो एकच पाहिला. गोळ्या दिल्या, वाफारा घ्यायला सांगितला. आठ दिवसांनी गालातली पाचर निघाली. ती दाढ आज माझ्या तोंडात आहे. त्या हंगामात हरभऱ्याच्या डहाळ्याची एक पेंढी मी त्यांच्या जिन्यात ठेवून आलो. वर गेलो नाही.

पुढं दोन-तीन वर्षांनी डावीकडची दाढ खरोखरच किडली, तेव्हा मात्र त्यांनी काढली. काढल्यावर माझं नाक चिमटीत धरलं, हळूच हवा सोडायला सांगितली आणि खड्ड्यात बुडबुडा येतो का ते बघितलं. नाही आला. "पापुद्रा शाबूत आहे, पण जेमतेम. आता दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक दाबायची नाही, बिडी नाही. आणि तोंडानं काही ओढायचं नाही. समजलं?"

"समजलं."

तिसऱ्या दिवशी साइटवर डिझेल संपलं. बॅरलमधून डिझेल काढायचं तर नळीचं एक टोक आत टाकायचं, दुसरं तोंडात धरून जोरात ओढायचं आणि पटकन कॅनमध्ये सोडायचं, ही आमची जन्माची रीत. बिडी मी सोडली होती, नाक शिंकरलं नव्हतं. नळीचं डॉक्टरनं नाव घेतलं नव्हतं. ओढली. गालात काहीतरी पट् झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा घोट घेतला आणि तो डाव्या नाकपुडीतून मिशीवर आला.

आमची भामा समोर बसली होती. आधी घाबरली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अहो, बशी नाकाला लावा. तेवढाच हेलपाटा वाचंल."

डॉक्टर रागावले नाहीत. गालाच्या आतलं मांस सरकवून त्यांनी ते भोक टाके घालून बंद केलं. शेवटचा टाका घातल्यावर एवढंच विचारलं, "सुरुंग भरल्यावर तुम्ही ओरडून लोकांना लांब पळायला लावता. एखादा म्हणाला, तुम्ही पळा म्हणालात पण कुठल्या दिशेला ते नाही सांगितलं, तर?" तोंडात कापूस होता. तो दाताखाली धरून मी जिना उतरलो.

ही दोन वेळची गोष्ट सांगितली ती पुढचं कळावं म्हणून. हा माणूस दोनदा बरोबर निघाला होता, दोन्ही वेळा माझ्याच तोंडात. तिसऱ्या वेळी तोंड भामाचं होतं.

भामाची हाक आमच्या वस्तीवर प्रसिद्ध होती. गोठ्यातून "अहोऽ" म्हणाली की दोन वावरांपलीकडं विहिरीच्या तळाला मला ऐकू यायची. त्या पावसाळ्यात ती हाक बदलली. पाणी भरलेल्या मडक्यावर हात मारावा तसा आवाज यायला लागला. मला जाणवलं. आवाजच माझा धंदा, मला जाणवणार नाही तर कुणाला? पण मी म्हटलं सर्दी असेल. मग तिची वरची एक दाढ हलायला लागली, भाकर चावेना. मी तिला घेऊन माडीवर गेलो. डॉक्टरना म्हटलं, "हलती दाढ हाय. ह्या येळंला तरी काढा."

ते तिला वहिनी म्हणायचे. टिचकी मारली. दाढ वाजवली, नुसती बोटानं हलवली. दिवा लावून पाहिला. मग अंगठा गालावरून हळूहळू फिरवत गेले आणि एका जागी थांबले. माझ्याशी बोलायचे तसं तिच्याशी बोलले नाहीत. खुर्ची जवळ ओढून बसले.

"वहिनी, या गालाला मुंग्या आल्यासारखं होतं का?"

भामानं माझ्याकडं पाहिलं. "व्हतं."

"कधीपासून?"

"पोळ्याच्या आदीपासनं."

"नाकातून रक्त? एकाच बाजूनं?"

"उशीला लागतं सकाळी. मी अभ्रा धुऊन टाकते."

"डोळ्याला पाणी?"

"येतं. म्या म्हनलं चुलीचा धूर."

बाकावर चार माणसं बसली होती, सगळी ऐकत होती. मला त्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हे घरी का नाही सांगितलं?" तेव्हा ती काय म्हणाली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. रागानं नाही, साधंच म्हणाली. "ह्यांना सांगून काय करता? हे म्हंत्यात, दुखन्याला तोंड दिलं का ते बोलाया लागतं."

बाकावरचा एक जण फिसकन हसला.

डॉक्टर माझ्याकडं वळले. "मिस्त्री, दाढ हलते पण दोष दाढेचा नाही. मला माडीची शंका आहे. ही दाढ मी काढणार नाही, आणि तुम्ही दुसरीकडंही काढू नका. उद्याच्या उद्या नगरला न्या. मी चिठ्ठी देतो. आतला फोटो काढायचा, तुकडा तपासायचा."

आता वाटतं, ते वाक्य त्यांनी मला एकट्याला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. पण ते खोटं आहे. तेव्हाही ऐकलं नसतं. माझ्या बायकोचं दुखणं मला माहीत नव्हतं आणि त्यांनी ते पाच टिचक्यांत बाहेर काढलं, चार माणसांदेखत, हे मला सोसलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "हालती दाढ काढता येत न्हाई म्हनून नगरला धाडता व्हय? ढोलकी वाजवा नुसती!" डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खाली बघून चिठ्ठी लिहिली, भामाच्या हातात दिली. मी तिचं मनगट धरून जिना उतरलो.

खाली आठवडी बाजार भरला होता. एका कडेला चटई टाकून, पुढं काढलेल्या दातांचा ढीग मांडून बसणारा माणूस असायचा. त्याला दाखवलं. त्यानं टिचकी मारली नाही, काही विचारलं नाही. चिमटा घातला आणि ओल्या मातीतली खुंटी उपसावी तशी दाढ बाहेर. भामा ओरडली नाही. मी म्हणालो, "बघ. येवढं हुतं." तिनं माझ्याकडं बघून मान हलवली.

खड्डा भरला नाही. भरला तो मांसानं, आणि ते मांस वाढत राहिलं. गाल सुजला. मी तुरटीच्या गुळण्या करायला लावल्या, हळदीचा लेप लावला. परत माडीवर जायचं माझ्या मनात रोज यायचं. सकाळी टोपी घालायचो आणि संध्याकाळी तीच टोपी खुंटीला अडकवायचो. कुठल्या तोंडानं जायचं? चिठ्ठी भामानं देवाच्या फोटोमागं ठेवली होती. मला दिसत होती. असे तीन महिने गेले. तीन महिन्यांत मी एक विहीर वरून तळापर्यंत उतरवतो.

मग एक दिवस डॉक्टरच स्कूटरवर आमच्या वस्तीवर आले. डेअरीवर दूध घालणाऱ्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मिस्त्रींच्या घरच्यांचा गाल सुजलाय. मी ओट्यावर बसलो होतो, उठलोसुद्धा नाही. ते म्हणाले, "मिस्त्री, हात धुवायला पाणी द्या." मी तांब्या दिला. ते भामापुढं जमिनीवर बसले. गालावर टिचकी मारली, अगदी हलकी, झोपलेल्या लेकराला हात लावावा तशी.

"दुखतं, वहिनी?"

भामानं आधी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. मग ती म्हणाली, "व्हय. लई दुखतंय." आणि रडायला लागली. पस्तीस वर्षांच्या संसारात दुखतं म्हणून रडलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आमच्याबरोबर नगरला आले. तिथून पुण्याला. थोरला पोरगा चाकणवरून रजा टाकून आला. रोग त्या खोलीतच जन्मलेला होता. पोकळ जागा, कुणाला दिसत नाही, दुखत नाही, म्हणून मावेल तेवढा वाढला आणि मग खाली दाढांत उतरला, वर डोळ्याकडं चढला. वरचा अर्धा जबडा आणि टाळू काढावी लागली. घरी आणलं तेव्हा ती बोलायची ते नुसतं वारं निघायचं. पाणी प्यायली की नाकातून. एके काळी माझ्या मिशीवर चहा आला म्हणून ती हसली होती.

आणि मग डॉक्टरांनी जे केलं ते मी सांगितलंच पाहिजे. त्यांनी तिच्या टाळूला झाकण बनवलं. गुलाबी कवळीसारखं, वरच्या भोकात बरोबर बसणारं. एका वेळेत ते बसत नाही, कारण जखम आवळत जाते आणि झाकण टोचायला लागतं. म्हणून दर आठवड्याला ते स्कूटरवर यायचे, पिशवीत कानस. ओट्यावर बसून तांदळाएवढं घासायचे, धुवायचे, तिच्या तोंडात बसवायचे. "दुखतं?" ती बोटानं जागा दाखवायची. परत घासायचे. "आता?" भामा त्यांना सगळं सांगायची, कुठं टोचतं, कुठं जळतं, कधी भीती वाटते. मी गोठ्याच्या दारात उभा राहून ऐकायचो. तिला काय काय दुखतं हे मला असं कळलं, चोरून.

एका दुपारी मी वावरात पाईप जोडत होतो. गोठ्याकडून हाक आली, "अहोऽ." पहिल्यासारखी नाही, काठाला जरा फाटलेली, पण दोन वावरांवर आली. मी हातातला पाईप टाकून पळत आलो. म्हटलं काय झालं? डॉक्टर ओट्यावर कानस पुसत होते, पुढचे सगळे दात दाखवत हसत होते. भामा म्हणाली, "काय न्हाई. ऐकू येतंय का बघत हुते."

ती हाक आम्हाला आठ महिने मिळाली. मग रोग परत आला. शेवटी शेवटी झाकणही बसेना. डॉक्टर तरी यायचे, पिशवी न उघडता तिच्याजवळ बसायचे. ती गेली त्या दिवशी ते आमच्या लोकांच्या मागं मागं चालत आले आणि लांब लिंबाखाली उभे राहिले.

त्यानंतर मला त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता. मी त्या दिवशी चिठ्ठी घेऊन नगरला गेलो असतो तर? बाजारच्या वारी त्यांच्या जिन्यापर्यंत जायचो. एकदा वर गेलोही. ते म्हणाले, "बसा मिस्त्री, दाढ काय म्हणते?" मी म्हटलं, "झ्याक हाय," आणि उतरलो. आजवर मी चुकलो असं मी कुणाला म्हणालेलो नाही. ती सवय एका जिन्यात मोडत नाही.

मग त्यांचे कान गेले. आधी एक, मग दुसरा. यंत्र लावून बघितलं, पण त्यात माणसांचं बोलणं यायचं, दातांचा आवाज यायचा नाही. एके दिवशी त्यांनी दवाखाना बंदच केला. पाटी उतरवली. लोक म्हणाले, अजून हात चालतात, डोळे चांगले आहेत, बंद कशाला? त्यांनी सांगितलं म्हणे, "फुटकं कुठलं आणि धड कुठलं हे आता मला कळत नाही. अंदाजानं लोकांच्या तोंडात हात घालणार नाही." दुसरा असता तर त्यानं अंदाजावर दहा वर्षं काढली असती.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला कळलं की ते आता खाटेला लागलेत. मी गेलो. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं घर, दारातच खाट. समोरच्या गच्चीवर एक बाई पापड वाळत घालत होती. आत सूनबाई भांडी घासत होत्या. डॉक्टर वाळून गेले होते, दात तेवढे पहिल्यासारखे पुढं. मला ओळखून हसले. "बसा मिस्त्री. मोठ्यानं बोला बरं का. आता मी कामातून गेलेलं भांडं."

मी खाटेच्या कडेला बसलो. हळू आवाजात विचारलं, कारण असं काही मोठ्यानं विचारायचं नसतं. ते कानामागं हात धरून म्हणाले, "काय?"

मी जरा आवाज चढवला. परत, "काय?"

उठून यावं असं वाटलं. टोपी हातात घेतलीसुद्धा. मग म्हटलं, आता गेलो तर हा माणूस मला परत सापडणार नाही. मी ओरडलो. "म्या त्या दिवशी तुमचं ऐकलं आसतं, बाजारात दाढ काढली नसती, तर माझी भामा जगली आसती का?"

आतली भांडी थांबली. गच्चीवरची बाई हातात पापड घेऊन तशीच उभी राहिली. माझा आवाज विहिरीत कमावलेला, गल्लीच्या दोन्ही टोकांना गेला असेल.

डॉक्टरांनी कानामागचा हात खाली घेतला. ते खोटं बोलतील अशी मला आशा होती, आणि बोलणार नाहीत हेही माहीत होतं.

"तीन महिने आधी मिळाले असते तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "जगल्या असत्या का, ते मला माहीत नाही. तो रोग फार उशिरा तोंड दाखवतो. पण ते तीन महिने गेले, ते तुमच्यामुळं गेले. आणि माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं कसं?"

ऐकू आलं नसेल, पण चेहऱ्यावरून कळलं असावं. "तुम्ही जिना उतरलात तेव्हाच मी तुमच्यामागं उतरायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी तुमच्या वस्तीवर यायला पाहिजे होतं. पण मला राग आला होता, मिस्त्री. चार माणसांत तुम्ही मला ढोलकीवाला म्हणालात. मी म्हटलं, गरज असेल तर येतील आपण होऊन. रोज स्कूटर काढायचो आणि परत लावायचो."

मला माझी टोपी आठवली, सकाळी घातलेली आणि संध्याकाळी खुंटीला लावलेली. आत परत भांडी वाजायला लागली.

मग त्यांनी हात वर केला आणि माझ्या गालावर टिचकी मारली. उजव्या, मग डाव्या. कान तिरका केला, सवयीनं. मग कसंबसं उठून बसले आणि दोन्ही अंगठे माझ्या डोळ्यांखाली ठेवले. त्या बोटांत जोर राहिला नव्हता.

"दुखतं?"

मी हळूच सांगितलं. ते मान हलवून कानामागं हात नेऊ लागले, ऐकू आलं नाही म्हणून. गच्चीवरची बाई अजून बघत होती. सूनबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. मी पन्नास वर्षं विहिरीच्या तळातून वरच्या माणसाला जी हाक दिली त्या आवाजात म्हणालो,

"व्हय डॉक्टर. लई दुखतंय."